खांदा आखडला, दाद कुठे मागायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नागपूरच्या महाल भागात राहते, घरीच ब्लाउज शिवते. मागच्या उन्हाळ्यात कुलरचा गंजका पत्रा बोटाला लागला म्हणून जवळच्या सरकारी दवाखान्यात धनुर्वाताची लस घेतली. मी स्टुलावर, सिस्टर उभ्या आणि रांग दारापर्यंत. बाही वर जाईना, तर त्यांनी गळ्याकडून कापड ओढून खांद्याच्या हाडालगतच सुई टोचली. त्याच रात्रीपासून हात वर जात नव्हता. 'दोन दिवस दुखतेच' या भरवशावर मी तीन महिने काढले.

मग हाडांच्या डॉक्टरांनी उलगडा केला. सुई हाडापासून दोन-तीन बोटे खाली, दंडाच्या स्नायूत हवी. वर बसली तर औषध सांध्याच्या पिशवीत उतरते, सूज येते, खांदा आखडतो. म्हणजे दोष लसीचा नाही, जागेचा. शेक, व्यायाम, फिजिओथेरपी आणि लग्नसराईतल्या परत केलेल्या ऑर्डरी, सगळा भार माझ्यावर.

भरपाईची चौकशी केली. ग्राहक आयोगात जावे, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तिथला रुग्ण 'ग्राहक' नाही. पैसे मोजले असते तर ठरले असते! उरले दिवाणी न्यायालय. तिथे निष्काळजीपणा मीच सिद्ध करायचा, वकीलही पदरमोड करून. कोविड लसीनंतरच्या मृत्यूंबाबत २०२२ मध्ये केंद्रानेही न्यायालयात हाच रस्ता दाखवला होता.

अमेरिकेत खांद्याची ही इजा २०१७ पासून सरकारी भरपाईच्या तक्त्यात आहे. दुखणे ४८ तासांत सुरू झाल्याचे आणि इतर अटी जुळल्याचे दाखवले की कोणाची चूक हे सिद्ध करावे लागत नाही. पैसा लसींवरच्या करातून येतो. आपल्याकडे लसीकरणानंतरच्या त्रासाची नोंद होते, त्यात 'लसीकरणातील चूक' असा प्रकारही आहे. निदान त्या प्रकारात बसणाऱ्याला उपचारखर्च आणि बुडालेली मजुरी मिळावी, एवढेच मागणे.

कोणी यातून लसच नको असा अर्थ काढू नये. पुढच्या महिन्यात नातवाचा डोस आहे, त्याला मीच नेणार. स्वतःची वेळ येईल तेव्हा मात्र सुई पुन्हा वर बसू नये म्हणून सिस्टरला म्हणेन, बाई, आधी तुम्हीही बसा.

एक वाचक,
महाल, नागपूर