केद्या, तुझं नाव स्पॅनिशमध्ये क्रियापद आहे

प्रिय केद्या,

मार्चमधल्या तुझ्या मेसेजला आज उत्तर देतोय, शिव्या द्यायच्या त्या आत्ताच देऊन घे. तब्येत ठीक, शुगर बॉर्डरवर, गुडघा तोच.

इथे ह्यूस्टनला लायब्ररीत मी मंगळवारी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो, बोललो होतो ना. (हसू नकोस, दहावीला इंग्रजीत मला तुझ्यापेक्षा चार मार्क जास्त होते.) सगळे स्पॅनिश बोलणारे, दिवसभर राबून येणारे. या आठवड्यात होतं लीव्ह-लेफ्ट-लेफ्ट. अर्धा तास उच्चारातच गेला, त्यांच्याकडे इ ऱ्हस्व-दीर्घ असा वेगळा नाहीच, त्यामुळे सगळे छाती काढून सांगतात "आय लीव्ह इन ह्यूस्टन", म्हणजे इथे राहतायत की इथून निघालेत तेच कळेना. आपल्या बाई असत्या तर पट्ट्या संपल्या असत्या.

मग लेफ्ट. त्या एका लेफ्टला यांच्याकडे किती शब्द! घरातून बाहेर पडलो तर सालिर, निघूनच गेलो तर इर्से, आणि काही मागे सोडलं तर देहार. किल्ली टेबलावर ठेवली तरी देहार, नवरा सोडला तरी देहार. इर्सेचा भूतकाळ 'मे फुई', आणि त्यातलं फुई म्हणजे 'मी गेलो' पण आणि 'मी होतो' पण, दोन्हीला एकच. मला शिकवायला पाठवलंय की शिकायला, कळत नाही.

तर एल साल्वादोरच्या एक बाई आहेत, पन्नाशीच्या. त्यांनी वहीत लिहिलं, आय लेफ्ट माय मदर. बरोबर आहे का विचारलं, मी म्हटलं एकदम बरोबर. तर म्हणाल्या, आमच्यात देहार वापरलं की आईला टाकून आल्यासारखं वाटतं म्हणून मी नेहमी मे फुई म्हणते, इंग्रजी बरी, ती काही विचारत नाही. आणि हसल्या. मी उगाच फळा पुसत बसलो.

केद्या, दादा-वहिनी आईला पुण्यात ठेवायचं म्हणतायत. वृद्धाश्रम हा शब्द कोणी काढत नाही, 'सोय' म्हणतात, छान सोय आहे, बाग आहे, नर्स आहे. पैसे मी द्यायचे. आणि मी फोनवर हो म्हणून बसलोय. आईला अजून पत्ता नाही, ती मला परवा विचारत होती की गच्चीवरचा पत्रा पावसाआधी बदलू की नंतर.

2009 ला सातारा स्टँडवर तू म्हणालास "आईला टाकून चाललास" आणि मी दोन वर्षं तुझ्याशी बोललो नाही. टाकून नाही रे, ठेवून चाललोय, असं मी ओरडलो होतो, आठवतं? आणि बसमध्ये चढताना आईला काय म्हणालो, तर "येतो". आता खरंच ठेवतोय, महिन्याचे पैसे भरून. तुझा शब्द तेव्हा चुकीचा होता, अजूनही माझं तेच म्हणणं आहे, पण माझा तरी कुठे बरोबर होता.

हां, आणि मुख्य राहिलंच. लेफ्टचा अजून एक अर्थ, उरलेलं. बॉटल्समध्ये किती लेफ्ट, तसं. त्याला स्पॅनिशमध्ये म्हणतात केदार! आणि केदार्से म्हणजे न जाता तिथेच राहणं. मी वर्गात एकटाच फिदीफिदी हसत सुटलो. आपल्या गल्लीतून सगळे फुई, उरला कोण तर केदार, नाव ठेवणाऱ्या तुझ्या आजीला साष्टांग.

बाकी तुझं दुकान कसंय? पोरीचं बारावीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, भावाचा खटला मिटला असेल अशी आशा.

रविवारी आईकडे जाशील तेव्हा यातलं काही बोलू नकोस, मीच सांगणार आहे. फक्त काय म्हणून सांगू ते कळव, लवकर, दादा पुढच्या महिन्यात फॉर्म भरतोय. इंग्रजीत मला जास्त होते पण मराठीत तूच पुढे होतास.

तुझा,
सुन्या

ता. क. पत्रा नंतर बदल म्हणालोय तिला.