पाटी डॉक्टरची, फलक कंपनीचा : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

२ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे डॉक्टरी व्यवसायाचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, डॉक्टरांच्या आचरणाचे नवे विनियम काढले. विकत घेतलेले लाइक आणि फॉलोअरसुद्धा त्यांत निषिद्ध होते. २३ ऑगस्टला ते स्थगित झाले आणि गाडी पुन्हा २००२ च्या विनियमांवर आली.

त्या जुन्या विनियमांनुसार डॉक्टरने दवाखाना सुरू केल्याचे, पत्ता बदलल्याचे, रजेचे, फीचे, अशी मोजकी निवेदने छापावीत. पाटीवर स्वतःचा फोटोसुद्धा चालत नाही. आणि हमरस्त्यावरचे जाहिरातफलक पाहा : हाताची घडी घातलेले तेच डॉक्टर, शेजारी ‘आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर केलेल्या गर्भधारणेत) ८० टक्के यश’. तक्रार करा, उत्तर ठरलेले : फलक कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांनी लावला. डॉक्टरांची नोंदणी करणारी राज्य वैद्यकीय परिषद ताकीद देईल किंवा नोंदवहीतून नाव काढेल, पण ते नोंदणीकृत डॉक्टरचे. रुग्णालय चालवणाऱ्या कंपनीचे नाव नोंदवहीत नाहीच, तर काढणार काय?

त्या ८० टक्क्यांचा हिशेब मागा. रक्तातली गर्भचाचणी पॉझिटिव्ह आली की यश, सोनोग्राफीत ठोके दिसले की यश, की मूल जन्मले तरच यश? प्रत्येक पायरीवर आकडा घसरतो. भागायचे कशाने, तर सुरू केलेल्या सगळ्या सायकलींनी, म्हणजे उपचाराच्या फेऱ्यांनी. पण स्त्रीबीजे मिळाली नाहीत किंवा गर्भ तयारच झाला नाही अशा सायकली गाळून ज्यांच्या गर्भाशयात गर्भ सोडला फक्त त्याच स्त्रिया मोजल्या की टक्का फुगतो. चाळिशीपुढच्या वगळल्या की आणखी. दागिने मोडून आलेल्या जोडप्याला यातले काय कळणार? २०२१ च्या सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने यशाची शक्यता समजावून सांगणे क्लिनिकवर बंधनकारक केले, पण ते समुपदेशन क्लिनिकची पायरी चढल्यावर. फलक त्याआधीच काम करून जातो.

परिषदेने तक्रार फेटाळली तर? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३० मध्ये आयोगाकडे अपील डॉक्टरला आहे, रुग्णाला नाही. ज्याचे नुकसान झाले त्यालाच दार बंद! असा कायदा संसदेत संमत होतो, याची चीड येते.

स्थगित विनियम परत आणा आणि रुग्णालय चालवणाऱ्या कंपन्यांना आवरणारी तरतूद कायद्यात करा. टक्का छापायचाच असेल तर शेजारी वयोगट, सुरू केलेल्या सायकली आणि जन्मलेली मुले, तितक्याच ठळक अक्षरांत. कलम ३० मध्ये रुग्णाचे अपील घाला. आणि स्थगिती कोणत्या तारखेला उठणार, ते लेखी कळवा.

आपला,
रुग्णहक्कांसाठी काम करणारा एक नागरिक