बाबा, मुलांना व्हाइट सॉक्सच्याच मागे राहू द्या

नेपरव्हिल, इलिनॉय
12 ऑक्टोबर 2025

ती. आई व ती. बाबा यांस साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी बाबा फोनवर म्हणाले की, व्हाइट सॉक्स या हरणाऱ्या बेसबॉल संघाच्या नादी मुलांना आपणच लावले, तेव्हा आता त्यांना शिकागोच्या दुसऱ्या संघाकडे, म्हणजे कब्जकडे वळवावे. निदान हरण्याची सवय तरी लागणार नाही. छकुलीने लगेच फोन हिसकावून घेतल्यामुळे ते बोलणे अर्धवट राहिले, म्हणून आज सविस्तर लिहिते. आधी एक ताजी बातमी सांगून टाकते. कब्जही काल मिलवॉकीत मालिकेचा शेवटचा सामना 3-1 असा हरून घरी परतले आहेत, त्यामुळे पक्ष बदलण्याची घाई करण्यासारखे तूर्त काही उरलेले नाही.

तुम्ही दोघे गेल्या वर्षी मे महिन्यात आलात, तेव्हा व्हाइट सॉक्सने पहिल्या 25 सामन्यांपैकी 22 गमावून झाले होते. संघ इतका वाईट खेळत होता म्हणूनच तिकिटे स्वस्त होती आणि मैदान निम्मे रिकामे असे. पाच वर्षांची मुलगी मध्येच कंटाळली तर तिला रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेतून मनसोक्त फिरवून आणता येई, आणि त्याबद्दल कोणी वळूनही पाहत नसे. जिंकणाऱ्या संघाच्या मैदानावर अशी मोकळीक आपल्याला परवडली नसती.

बाबा, हा खेळ तुम्हाला टीव्हीवरच्या समालोचनापेक्षा सामन्याची नोंद ठेवायच्या वहीतून अधिक लवकर समजला, याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. बँकेत उभा जन्म गेलेला माणूस आकड्यांच्याच दाराने आत शिरणार. चेंडू टाकणारा पिचर 1, तो झेलणारा कॅचर 2, फर्स्ट बेस 3 असे करत प्रत्येक क्षेत्ररक्षकाला ठरलेला क्रमांक असतो, हे कळल्यावर तुम्ही पट्टीने चौकटी आखल्यात आणि नातवाला शेजारी बसवून घेतलेत. शॉर्टस्टॉपने (क्रमांक 6) चेंडू अडवून सेकंड बेसकडे (4) दिला, तिथून तो फर्स्ट बेसला (3) गेला आणि दोघे बाद झाले, की चिरंजीव मोठ्याने "सहा-चार-तीन" म्हणत. मराठी शाळेच्या रविवारच्या वर्गात पाढे म्हणताना हाच मुलगा तोंड उघडत नसे. छकुलीचे आणखी वेगळे. बॅट फिरवून तिसरा स्ट्राइक, म्हणजे बाद करणारा शेवटचा चेंडू, चुकला तर सरळ K लिहायचा आणि बॅट न हलवता नुसता बघत राहून बाद झाला तर उलटा K लिहायचा, हा नियम तुम्ही सांगितलात, तेव्हा तिचा आनंद गगनात मावेना, कारण त्या वयात तिची निम्मी अक्षरे उलटीच पडत असत आणि शाळेत ती रोज खोडली जात असत. तुमच्या वहीत मात्र उलटा K काढण्याचे काम अधिकृतपणे तिच्याकडे आले.

आईला निकालात रस नव्हताच. "अगं, हा कॅचर किती वेळ उकिडवा बसतो, याच्या गुडघ्यांचं काय होणार?" ही तिची काळजी रोजची असे आणि प्रत्येक इनिंगच्या शेवटी तो उभा राहिला की तिलाच हायसे वाटे. आई, आता कायल टील नावाचा नवा तरुण कॅचर आला आहे. त्याचे गुडघे अजून शाबूत दिसतात.

मग जुलै उजाडला. 10 जुलैपासून 5 ऑगस्टपर्यंत संघ सलग 21 सामने हरला आणि 1988 च्या बाल्टिमोर ओरिओल्सने अमेरिकन लीगमध्ये (आपला संघ खेळतो त्याच लीगमध्ये) केलेल्या सलग पराभवांच्या नकोशा विक्रमाची बरोबरी झाली. त्या दिवसांत चिरंजीव रडवेले होऊन वही मिटू लागले, तेव्हा तुम्ही त्याला 1974 च्या लॉर्ड्सच्या क्रिकेट कसोटीची गोष्ट सांगितलीत: रेडिओला कान लावून बसलेले तुम्ही आणि 42 धावांत सर्वबाद झालेला आपला भारताचा संघ. "मग तुम्ही रेडिओ बंद केला का?" असे त्याने विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "बंद करून जाणार कुठे?" तो हसला आणि त्याने वही पुन्हा उघडली. 6 ऑगस्टला ओकलंडमध्ये सामना 5-1 असा जिंकला तेव्हा मुले केव्हाच झोपली होती. जागे होतात फक्त तुम्ही, आणि सकाळी दूध पिताना ती बातमी देण्याचा मान तुम्ही मला मिळू दिला नाहीत.

हरण्याच्या सवयीबद्दल बोलायचे तर मला 24 सप्टेंबरची संध्याकाळ आठवते. 120 पराभव होऊन आधुनिक काळातल्या एका हंगामातील सर्वाधिक पराभवांच्या विक्रमात 1962 च्या न्यूयॉर्क मेट्सशी बरोबरी झाली होती आणि 121 वा पराभव प्रत्यक्ष पाहता यावा म्हणून कित्येक लोक मुद्दाम आले होते. मालकांनी संघ विकावा, अशा घोषणा चालू होत्या. आठव्या इनिंगमध्ये दोन धावांनी मागे असलेल्या संघाने तीन धावा काढून सामना 3-2 असा फिरवला, तेव्हा आपल्या शेजारची मोठी माणसे हसावे की चिडावे या पेचात होती आणि आपली दोन मुले खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. पुढचे दोन सामनेही जिंकले. तीनच दिवसांनी डेट्रॉइटमध्ये तो विक्रम अखेर झालाच, पण 41 विजय आणि 121 पराभव यांपैकी मुलांना तोंडपाठ आहेत ते विजयच. 121 ची नोंद फक्त तुमच्या वहीत आहे. मुलगा हल्ली बुद्धिबळात हरला की पट उधळत नाही, चाली लिहून काढतो आणि कुठे घसरलो ते मला दाखवतो. ही हरण्याची सवय असेल तर ती मला चालेल.

यंदाचा हंगाम तुम्ही पुण्याहून पाहिलात. इथला पावणेसातच्या सुमाराचा सामना तुमच्याकडे पहाटे सव्वापाचला सुरू होई, तुमचा चहा आणि मुलांचे जेवण एकाच पडद्यावर चाले. आपला पिचर गॅरेट क्रोशे याला बॉस्टनच्या संघाला देऊन टाकल्याचा राग चिरंजीवांच्या मनातून अजून गेलेला नाही. सर्वांत जास्त सामने हरूनही मोठ्या शहराच्या संघांसाठी असलेल्या नियमामुळे नव्या खेळाडूंच्या निवडीत दहावा क्रमांक मिळाला, हे तुम्हाला अजून पटलेले नाही, मलाही नाही. पण जुलैत आलेल्या कोल्सन माँटगोमेरीने 21 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले आणि 60 विजय, 102 पराभव असा शेवट झाला, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा 19 विजय अधिक. शिवाय मे महिन्यात पोप झालेले लिओ चौदावे हे मूळचे शिकागोचे आणि व्हाइट सॉक्सचे चाहते. 2005 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना त्यांनी मैदानावर बसून पाहिला होता. एवढा वशिला असूनही 102 हरले, असे आई म्हणाली ते मी इथे सर्वांना सांगितले आहे.

तेव्हा बाबा, संघ बदलायचा नाही. त्यापेक्षा पुढचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो, तर थंडी ओसरली की एप्रिलच्या शेवटी निघता येईल का, ते डॉक्टरांना विचारून कळवा. व्हिसाची मुदत अजून आहे, आणि विमानतळावर आईसाठी चाकाची खुर्ची मी इथूनच सांगून ठेवते. तिने त्याला नाही म्हणू नये. येताना अप्पा बळवंत चौकातून तशाच लांबट, जाड पुठ्ठ्याच्या वह्या आणा. दोन आणा, कारण छकुलीला आता स्वतःची वेगळी हवी आहे आणि ती फक्त उलटे K काढण्यावर समाधानी नाही. फराळाचे पार्सल मिळाले. चकल्या एकही न मोडता पोचल्या.

तुमची,
सौ. ताई