मित्रास पत्र: लेक अग्निशमनात जायचं म्हणते

१५ एप्रिल

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. फोनवर उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून निवांत बसून लिहितोय. लेक बारावीनंतर नागपूरला फायर इंजिनिअरिंग करायचं म्हणते, वहिनींना ते मुळीच पटत नाही आणि तुझ्याही पोटात गोळा आलाय. मी अग्निशमन दलात आहे, म्हणून हे आयुष्य खरं कसं असतं, घरच्यांना काय सोसावं लागतं, असं तू विचारलंस. आहे तसं सांगतो.

कालच १४ एप्रिल झाला. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्यासाठी दरवर्षी सकाळी केंद्रावर मानवंदना असते आणि संध्याकाळी बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत आमचा बंब उभा असतो. त्या बोटीवर दारूगोळ्याबरोबर कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. नव्या पोरांना हे सांगताना मी कापसावर जरा जास्तच थांबतो, कारण आपल्या गावात आग म्हणजे बहुतेक वेळा जिनिंगच, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना.

कापसाची आग बाहेरच्या माणसाला कळत नाही. रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, कापसाबरोबर एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला की ठिणगी उडते. वरची ज्वाळा आम्ही लवकर मारतो, लोक टाळ्याही वाजवतात. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. कच्च्या कापसावर मेणचट थर असतो, पाणी वरून ओघळून जातं आणि गंजीच्या पोटात आग धुमसत राहते. जेसीबीने गंजी फोडायची, थर पसरायचा, भिजवायचा, पुन्हा फोडायची. रात्र जाते, कधी दुसरा दिवसही जातो. बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं. मोठी ब्रँच, म्हणजे पाइपाच्या टोकाची तोटी, पूर्ण उघडली तर ते काही मिनिटांत संपतं. म्हणून गावातली कुठली विहीर उन्हाळ्यात आटते, कुठल्या जिनिंगची टाकी भरलेली असते, कुठल्या गल्लीत बंब वळत नाही, हे अधिकाऱ्याला पाठ लागतं. बाजाराला पिशवी घेऊन गेलो तरी माझी नजर तारांवर आणि रस्त्यावर वाढलेल्या ओट्यांवरच असते. हिला त्याची सवय झाली आहे.

लेकीला हेही सांग की नोकरीचा मोठा भाग कागदाचा असतो. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने दवाखाने, मंगल कार्यालयं, लॉज यांना आगीची यंत्रणा लावावी लागते आणि ती चालू असल्याचं ‘बी’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत व जुलैत द्यावं लागतं. ते मागायला गेलं की ओळखीची माणसं तोंड फिरवतात. लग्नात ज्याने आग्रहाने जिलबी वाढली, त्याच्याच कार्यालयाच्या मागच्या दाराला कुलूप दिसलं तर त्याला नोटीस द्यायची. हे धाडस मला आगीत शिरण्याहून मोठं वाटतं. बाहेर पडायची वाट उघडी ठेवल्याने किती जीव वाचले, हे कुणालाच कधी मोजता येत नाही. ज्याला कौतुक हवं त्याने इकडे येऊ नये.

आता सगळ्यात कठीण गोष्ट, विहिरी. गाळ काढायला किंवा इंजिन चालू करायला माणूस आत उतरतो. खाली हवा वाईट असते, डिझेलच्या धुराने तर ती जीवघेणीच होते. तो कोसळला की भाऊ उतरतो, मग शेजारी. वर्दी, म्हणजे मदतीचा निरोप, मिळून आम्ही बीए सेट (श्वासासाठी पाठीवरचं हवेचं नळकांडं आणि मुखवटा) बांधून पोचतो, तेव्हा कित्येकदा एकाच घरातल्या दोघा-तिघांना वर काढायचं असतं. काठावर बायका उभ्या असतात. त्या रात्री मी जेवत नाही. पूर्वी घरी काही बोलायचो नाही. हिनेच एकदा पुढ्यात बसून सांगितलं, जे पाहिलंत ते मला सांगा, पोरांना सांगू नका. तेव्हापासून सांगतो. वहिनींना विचारायचंच असेल तर हिला विचारू देत, माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे.

घरचं म्हणशील तर लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी घरी नसतो. ती आमची सर्वांत जागती रात्र. पूजा आई आणि ही करतात, पोरं फराळाचा डबा घेऊन केंद्रावर येतात आणि जवानांबरोबर बसून खातात. मुलाला लहानपणी याचा राग यायचा, आता तोच डबा भरून घेतो. आई मात्र अजून झोपत नाही. मी घरी आलो की आग कुठे होती ते विचारत नाही, “सगळे परत आले ना?” एवढंच विचारते.

आणि हिचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण देताना तिने प्रत्येकीला सांगितलं, घरी जाऊन गॅसच्या नळीवर छापलेलं वर्ष बघा आणि मला कळवा. नळी पाच वर्षांनी बदलायची असते. पुष्कळ घरांत ती कधीच बदललेली नव्हती. शिवाय गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालू असेल तर बंदही करायचं नाही, आधी दारं-खिडक्या उघडायच्या, हे तिने तिळगूळ देता देता समजावलं. माझ्या भाषणांना बायका मान डोलावतात, तिचं ऐकून त्यांनी नळ्या बदलल्या.

मुलीने हे काम करावं का, या प्रश्नावर मला शंका नाही. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ पासूनचं. तिथे २००२ मध्ये हर्षिनी कान्हेकर पहिली विद्यार्थिनी म्हणून गेली, तेव्हा पूर्ण मुलांच्या वर्गात ती एकटी होती. आज तुझ्या लेकीला तेवढं एकटं पडावं लागणार नाही. होज, म्हणजे पाण्याचा जाड पाइप, खांद्यावर घेऊन पळायला ताकद लागते, ती सरावाने येते. घाबरलेल्या माणसाशी शांतपणे बोलता येणं मात्र शिकवून येत नाही, आणि ते तुझ्या लेकीत आहे. तुझे वडील आजारी होते तेव्हा मी ते पाहिलंय.

पाठव तिला. पण आधी परीक्षा झाल्यावर आठ दिवस आमच्याकडे राहू दे. मे महिना असेल, वर्दी येतच राहणार. बंबावर चढवणार नाही, पण केंद्रावर बसेल, होज सुकवायला मदत करेल, पहाटे माणसं परत येतात तेव्हा चहा करेल, जवानांच्या बायकांशी बोलेल. त्यानंतरही तिचं मन तेच म्हणालं तर फॉर्म भरायला मी स्वतः नागपूरला येतो. वहिनींनाही घेऊन ये, आंब्याचे दिवस आहेत आणि आई कधीची त्यांची आठवण काढतेय. तारीख ठरली की कळव, म्हणजे त्या आठवड्याची पाळी मी तशी लावून घेतो.

तुझाच,
बालमित्र