दुसरीच्या खोलीत सहा महिने

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर बाबांचा आवाज जरा चढलाच होता, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. फोनवर माझं अर्धं वाक्य होईपर्यंत आई मध्येच ‘जेवलीस का’ विचारते आणि मुद्दा तिथेच राहतो.

मार्च ते ऑगस्ट मी आखेन सोडून इंटर्नशिपसाठी म्युनिकला असेन. त्या सहा महिन्यांसाठी मी स्वतंत्र घर घेत नाहीये, एका विद्यार्थिनीची खोली तिच्या सामानासकट घेतेय. बाबा, तुम्हाला हे कुणाच्या तरी वळचणीला राहिल्यासारखं वाटतंय. पण इथे जर्मनीत हे सर्रास चालतं, त्याला त्स्विशेनमीटे म्हणतात आणि त्याचा रीतसर लेखी करार होतो. ती मुलगी एका सेमिस्टरसाठी लिस्बनला चाललीय. खोली सोडून दिली तर परत आल्यावर मिळायची नाही हे तिला पक्कं माहीत आहे, म्हणून तेवढ्यापुरती ती मला देतेय. इथे सेमिस्टर एप्रिल आणि ऑक्टोबरला सुरू होतात, त्यामुळे त्याच्या आगेमागे अशा खोल्या बऱ्याच निघतात.

सरकारी वसतिगृहाचं तुम्ही विचारलंत. म्युनिकमध्ये त्याची प्रतीक्षायादी कित्येक सेमिस्टर लांब असते. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये जिथे महिला खेळाडूंची वस्ती होती, तिथे आज विद्यार्थी राहतात. एकाला एक चिकटलेले चिमुकले दुमजली बंगले, आणि राहणारी मुलं बाहेरच्या भिंती हव्या तशा रंगवतात. मला तिथे राहायला फार आवडलं असतं. पण नंबर लागेपर्यंत माझी डिग्री संपेल.

‘पैशांची काळजी करू नकोस, चांगलं वर्षाचं घर घे’ असं बाबा म्हणाले. घर सोडायचं तर तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते, तेव्हा सहा महिन्यांसाठी तो खटाटोप कशाला? आणि आई, ऐक, इथे रिकामं घर म्हणजे खरोखर रिकामं. कित्येक घरांत ओटा आणि सिंकसुद्धा नसतं, कारण आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर उचकटून घेऊन गेलेला असतो! मला मिळालेल्या खोलीत पलंग, कपाट, टेबल आहे. स्वयंपाकघर तिघींत मिळून. उशी आणि चादरी तेवढ्या माझ्या.

आता मामाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या त्या जाहिरातीबद्दल. शहराच्या मध्यात, फोटोत हॉटेलसारखी दिसणारी खोली, भाडं निम्मं, मालक म्हणे कामानिमित्त लंडनला, आणि डिपॉझिट भरलं की किल्ली कुरिअरने. विश्वास बसावा म्हणून पासपोर्टची प्रतही पाठवतो! बाबा, फसवणुकीची ही इथली अगदी ठरलेली पद्धत आहे. तो पासपोर्टही बहुधा आधी फसलेल्या कुणाचा तरी असतो. असा पैसा परदेशी खात्यात एकदा गेला की गेला. तेव्हा हात जोडून सांगते, घराच्या नावाने कुणालाही, अगदी मामाच्या ओळखीच्या एजंटलाही, एक पैसा पाठवू नका. भाडं माझ्या इथल्या खात्यातून जाईल.

मी काय काय बघितलं ते सांगते, म्हणजे आईला झोप लागेल. म्युनिकमधली माझी मैत्रीण स्वतः जाऊन खोली बघून आली. तिने व्हिडिओ कॉलवर नळ सोडून दाखवला, खिडकी उघडून खालच्या ट्रामचा आवाज ऐकवला, दाराची कडी लावून दाखवली. बाकीच्या दोघींशी माझं बोलणं झालं. खरं तर ती माझीच मुलाखत होती. साफसफाईची पाळी चुकवणार नाहीस ना, पाहुणे किती येतात, असं सगळं विचारून झालं. घरमालकाने पोटभाडेकरू ठेवायला परवानगी दिल्याचं पत्र मी मागून घेतलं. ते नसेल तर मधल्यामध्ये मलाच बाहेर काढतील. भाडं ६४० युरो, त्यात हीटिंग आणि पाणी आलं. नुसत्या भाड्याचा आकडा सांगून वरचा खर्च मागाहून लावणारेही असतात, म्हणून हे आधीच लिहून घेतलंय. डिपॉझिट ५०० युरो. कायद्याने ते वरखर्च सोडून तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, त्यामानाने हे कमीच. किल्ली घेताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा आणि विजेच्या मीटरचा आकडा यांचे फोटो काढून दोघींच्या सह्या करणार आहोत. डिपॉझिट परत घेताना तेच कामी येतं.

माझ्या आखेनच्या खोलीतही स्पेनची एक मुलगी येतेय, वसतिगृहाच्या परवानगीने. ती जुलैअखेर जाईल, त्यामुळे ऑगस्टचं दोन्हीकडचं भाडं माझ्या डोक्यावर. तेवढं सोसायला हवं. एक कप्पा मी कुलूप लावून ठेवतेय, कागदपत्रं आणि आजीची शाल त्यात. बाकी भांडीकुंडी, दिवा, सायकलचा पंप तिने खुशाल वापरावं. मीही लिस्बनवालीची इस्त्री वापरणारच आहे.

मावशीला एक निरोप द्या. अथर्वला ऑक्टोबरपासून म्युनिकलाच प्रवेश मिळालाय ना? सप्टेंबरच्या उत्तरार्धात तिथे ऑक्टोबरफेस्टची, म्हणजे बिअरच्या मोठ्या जत्रेची, गर्दी असते, तेव्हा खोल्यांचे भाव डोळे पांढरे करतात. पहिल्या महिन्याची सोय त्याने आत्तापासून बघावी, आणि जागा घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा, ‘या पत्त्यावर माझी नोंदणी होईल का?’ इथे राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं पत्र लागतं. पुढे रेसिडेन्स परमिट वगैरे सगळं त्या कागदावर अडतं. स्वस्तात खोली देणारे बरेच जण हे पत्र द्यायला तयार नसतात. बाकी त्याला काही विचारायचं असेल तर मला थेट फोन करू दे, मावशीमार्फत नको.

बाबा, कराराचा इंग्रजी तर्जुमा करून आठवड्याभरात पाठवते. बँकेत इतकी वर्षं तुम्ही लोकांचे कागद तपासलेत, हाही तपासा. सातव्या कलमात खोली सोडताना भिंती रंगवून द्यायचं लिहिलंय, ते मला पटलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते कळवा, त्यानंतरच सही करेन.

तुमची,
मनू