रंगाआधी मीठ उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळी मासेमारीबंदीत कोकणातल्या बंदरांवर चालणाऱ्या बोटींच्या डागडुजीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती. पण भरल्या आभाळाखाली लोखंडी बोटीवर ब्रश फिरवणारा रंगारी पाहून जीव वरखाली झाला. बडोद्यात बसून समुद्राच्या गोष्टी सांगणारा हा कोण, असे कोणी विचारील. नोकरी नंदेसरी-रणोली पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत झाली, टाक्या आणि पाइप गंजू न देण्याची. शिवाय थोरल्या बहिणीचे सासर हर्णैचे, त्यामुळे मेहुण्यांच्या बोटीवर मत देण्याचा हक्क मी केव्हाच बळकावला आहे.

महाराष्ट्रात बंदी १ जून ते ३१ जुलै. बोट वर ओढलेली असते, हाताशी वेळ असतो, म्हणून घासणे-रंगवणे याच दोन महिन्यांत आणि तेही नारळी पौर्णिमेकडे डोळा ठेवून उरकले जाते. आमच्या कारखान्यात साधा नियम होता: हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली किंवा पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचे दव होते, त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी जास्त नसेल, तर रंगाचा डबा उघडायचा नाही. जुलैत किनाऱ्यावर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो. म्हणजे पत्रा निदान २९ अंशांच्या वर हवा, आणि आर्द्रतेच्या अटीत तर हा दिवस आधीच नापास. डोळ्यांना कोरडा दिसणारा पत्राही अशा वेळी दमट असतो. त्यावर चढवलेला रंग पहिल्या हंगामात तकतकीत दिसतो, पुढच्या हंगामात पोपडे धरतो, आणि मग मालक रंगाच्या कंपनीला शिव्या घालतो.

त्याहून वाईट गोष्ट मीठ. ‘पाऊस पडला की मीठ आपोआप धुऊन जाते’ असे मेहुणे सांगतात, आणि बंदरावर बहुतेकांची हीच समजूत आहे. उघड्या, गुळगुळीत भागापुरते ते खरे आहे. पण गंजाच्या खड्ड्यांत, रिव्हेटच्या कडांना आणि जोडपट्ट्यांच्या मागे बसलेले क्षार पावसाच्या सरींना दाद देत नाहीत. त्यावर थेट ग्राइंडर चालवला की पृष्ठभाग चकचकीत होतो, क्षार मात्र खड्ड्यांत तसेच राहतात. हवेतला ओलावा शोषून ते रंगाखाली पुन्हा गंज धरतात. म्हणून गोड्या पाण्याचा जोरदार मारा दोनदा हवा, खरवडण्याआधी एकदा आणि खरवडून झाल्यावर एकदा. या दुसऱ्या धुण्याची बंदरावर कोणालाच सवय नाही.

आता जस्ताच्या वड्या. पंखा कांस्याचा, शाफ्ट स्टेनलेसचा आणि बोट लोखंडी, हे सगळे खाऱ्या पाण्यात एकत्र आले की लोखंड झिजते. ते वाचावे म्हणून तळाशी जस्ताच्या वड्या बसवतात. लोखंडाआधी त्या झिजतात, तेच त्यांचे काम. उत्साही रंगारी तळाबरोबर त्यांनाही रंगवून टाकतो! रंगवलेली वडी म्हणजे बंद केलेली वडी. वडी आणि बोट यांच्यामध्ये गंज किंवा रंग राहिला तरीही ती निकामीच. निम्मी झिजली की बदलायची. काही शे रुपये वाचवण्यासाठी पुढच्या वर्षावर ढकलायची नाही.

स्टेनलेसबद्दल एकच सांगतो. साध्या लोखंडी वायर ब्रशने ते घासू नये. लोखंडाचे कण रुततात आणि तेच तांबूस डाग धरतात. आणि चुंबक लावून ‘हे अस्सल ३१६ दर्जाचे स्टेनलेस’ असे सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवू नये. साधारणपणे ३०४ आणि ३१६ हे दोन्ही दर्जे चुंबकाला चिकटत नाहीत. फरक ३१६ मधल्या मॉलिब्डेनम या धातूचा, आणि तो चुंबकाला कळत नाही.

फायबरच्या बोटींत गंज नाही म्हणून मालक निर्धास्त असतात. पण पाणी मुरून फोड आले की नुसता वरून रंग लावून भागत नाही. ते उघडून, धुऊन, आठवडेच्या आठवडे वाळवावे लागतात. जुलैत हे कसे वाळणार? वाळले की नाही हे पाहायला त्या जागी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने रात्रभर लावून ठेवावा. सकाळी आत थेंब दिसले तर रेझिन लावायची वेळ आलेली नाही. ही पारख फुकट होते.

पारंपरिक मच्छीमारांना जुन्या बोटी बदलण्यासाठी २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मदत ठेवली गेली, त्याबद्दल आनंद आहे. पण माझ्या मते, असलेली बोट दहा वर्षे जास्त टिकवणारे छप्पर नव्या बोटीहून आधी हवे. कोकणात पूर्वी पावसाळ्याआधी होड्या झावळ्यांनी शाकारून ठेवत. प्रत्येक बंदरावर दोन-चार बोटी मावतील अशी पत्र्याची शेड, गोड्या पाण्याचा पंप आणि आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र, एवढ्याची मागणी मच्छीमार सहकारी संस्थांनी लावून धरावी.

शेड होईपर्यंत निदान क्रम बदलावा. मेच्या अखेरीस, पहिल्या सरीआधी बोट वर घेऊन धुणे, खरवडणे आणि इपॉक्सी प्राइमर (रंगाखालचा पहिला थर) उरकावे. जून-जुलैत इंजिन, शाफ्ट, बोल्ट आणि जाळी. शेवाळरोधक रंगाचा शेवटचा हात बोट पाण्यात सोडण्याच्या थोडे आधी, उघडीप पाहून द्यावा. त्याआधी प्राइमर हलका घासून घ्यावा, नाहीतर दोन महिने वाळलेल्या इपॉक्सीवर पुढचा थर नीट धरत नाही.

आपला,
एक निवृत्त रंगकाम पर्यवेक्षक
दांडिया बाजार, बडोदे