ताई, तो रुपया मी पुन्हा घासला नाही

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

वडिलांच्या कपाटात सापडलेला १८६२ चा रुपया घेऊन मी तुमच्याकडे आलो, तेव्हा मला एकच विचारायचं होतं : उरलेला काळपटपणा घालवायला कोणतं द्रावण चांगलं? माझ्या मते नाणं जवळजवळ कोरं होतं. व्हिक्टोरिया राणीचा चेहरा चकचकीत, फक्त अक्षरांच्या बेचक्यांत काळं साचलेलं. तेवढं निघालं की झालं. एका विक्रेत्याने तर 'दोन मिनिटांत डिप मारून नवं करून देतो', म्हणजे रसायनात बुडवून, असं सांगितलंही होतं. तुम्ही मला थांबवलंत, म्हणून हे पत्र. जाहीर लिहितोय, कारण असा रुपया हातात धरून घासायच्या तयारीत बसलेला मी एकटाच नसणार.

तुम्ही आधी काहीच मत दिलं नाहीत. टेबलावर मऊ टॉवेल अंथरलात, खोलीतला मोठा दिवा बंद करून टेबललॅम्प लावलात आणि तुमच्या संग्रहातला त्याच सालाचा एक रुपया माझ्या नाण्याशेजारी ठेवलात. करडा, कडेला निळसर-तांबूस झाक असलेला. "यातलं चांगलं कोणतं?" मी बेधडक माझं दाखवलं. चुकलं असं तुम्ही म्हणाला नाहीत. "कडेला धरा आणि दिव्याखाली सावकाश तिरकं करत फिरवा," एवढंच म्हणालात.

तुमच्या नाण्यावर त्या करड्या थराखालून उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरला. माझ्या नाण्यावर काही फिरलंच नाही. सगळीकडून सारखीच चमक, घासलेल्या भांड्याची असते तशी. मग तुम्ही भिंग दिलंत आणि राणीच्या मानेमागची मोकळी जागा बघायला सांगितलंत. तिथे केसापेक्षा बारीक रेघांचं जाळं होतं. वापरातले ओरखडे कुठूनही कसेही जातात. या रेघा सगळ्या एकाच गोल वळणाच्या होत्या, अक्षरांपाशी येऊन थांबलेल्या. कापडाखालचं बोट अक्षरांच्या कोपऱ्यात पोचत नाही, म्हणून तिथलं काळं तसंच राहिलं होतं. म्हणजे मी ज्याला घाण समजत होतो, तोच त्या नाण्यावर राहिलेला जुना भाग होता, आणि ज्याला कोरेपणा समजत होतो ती घासल्याची खूण.

तुम्ही त्यामागचं कारण सांगितलंत ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलंय. टांकसाळीत ठसा दाबला जातो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. उजेड फिरतो तो त्यांच्यामुळे. त्यालाच लस्टर म्हणायचं. पॉलिशने या रेषा एकदा सपाट झाल्या की कुणालाही परत आणता येत नाहीत. आणि काळेपणाबद्दल तुम्ही जे बोललात ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही : तो वर बसलेला मळ नाही, ती चांदीच आहे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीचा संयोग होऊन सल्फाइडचा थर धरतो. थर पातळ असताना पिवळसर, मग तांबूस, निळा, आणि जाड झाला की काळा. आम्लातल्या थायोयुरियाच्या डिपमध्ये हा थर विरघळतो म्हणजे त्यात बांधली गेलेली चांदीही जाते. पुनःपुन्हा बुडवलं की नाणं निर्जीव पांढरं पडतं. इतकं साधं रसायन मला इतक्या वर्षांत कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

ग्रेडच्या, म्हणजे नाण्याच्या स्थितीच्या दर्जाच्या, बाबतीतही तुम्ही मला नुसता आकडा सांगून मोकळ्या झाला नाहीत. झीज वेगळी आणि साफसफाई वेगळी, हे आधी डोक्यात पक्कं केलंत. झीज उंचवट्यांवर शोधायची : मुकुटाची नक्षी, कानाजवळचे केस, गाल, पोशाखावरची वेलबुट्टी. एखादा उंचवटा सपाट दिसला तरी घाई करायची नाही. तिथे लस्टर शाबूत असेल तर ठसाच कमजोर बसलेला असू शकतो. माझ्या नाण्यात मुकुटाची नक्षी टिकून आहे, पण वेलबुट्टी पुसट झाली आहे. नाण्यांची स्थिती ठरवायच्या १ ते ७० च्या मोजपट्टीवर झिजेचा विचार केला तर 'व्हेरी फाइन', म्हणजे मध्यम झिजलेलं, पण साफ केलेलं असल्यामुळे पूर्ण ग्रेड मिळणार नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. वजनही करून दाखवलंत. असा रुपया मुळात एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, माझं भरलं ११.५८. नाणं अस्सल असल्याबद्दल तुम्हाला शंका नव्हती, आणि ते ऐकून मला किती बरं वाटलं ते त्या वेळी बोलता आलं नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा बोललो नाही. भिंगातून बघताना तुम्ही म्हणालात, "कुणीतरी फार मन लावून पुसलंय हे." कुणी ते मला माहीत होतं. वडील सुट्टीच्या दिवशी दुपारी जुन्या धोतराचा तुकडा घेऊन ही नाणी पुसत बसायचे. हलक्या हाताने, गोल गोल, मध्येच उजेडाकडे धरून बघत. तुम्ही 'वाटोळं केलं' म्हणू शकला असता आणि नाण्याच्या दृष्टीने ते खरंही ठरलं असतं. तुम्ही तो शब्द वापरला नाहीत. ताई, त्यासाठी मी तुमचा फार ऋणी आहे.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. पीव्हीसीच्या, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या, पाकिटातून नाणं काढलं. त्या प्लास्टिकमुळे कडेला हिरवट चिकटपणा होता, म्हणून खिडकी उघडी ठेवून, ज्योतीपासून लांब, शुद्ध ॲसिटोनमध्ये नुसतं बुडवून ठेवलं. घासलं नाही. बाहेर काढून दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये एकदा खळबळलं आणि आपोआप सुकू दिलं. चिकटपणा गेला, अक्षरांमधलं काळं जागच्या जागी आहे. आता ते कडक कॅप्सूलमध्ये आहे. वडिलांची आणखी अकरा नाणी आहेत. एकेक करून दिव्याखाली तिरकी करून बघतोय. त्यातल्या दोनांवर उजेड फिरतो.

१८६२ हेच साल ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले जात होते आणि वर्ष ओळखायला बारीक ठिपके असत, हे तुम्ही निघताना सांगितलंत. तेव्हापासून तारखेजवळचे ठिपके मोजतोय. एकदा तीन वाटले, एकदा चार. पुढच्या वेळी नाणं घेऊन येईन तेव्हा तुमच्या भिंगाखाली मला आधी मोजू द्या, मग तुम्ही बघा.

आपला नम्र,
१८६२ च्या रुपयावाला